सांडपाणी शिकवणारी माणसं

शरयू_काठ

नमस्कार मंडळी,

मी आयोवात राहते, मिसिसिपीच्या काठी. पुण्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, लग्नानंतर इकडे आले. मुलं शाळेत जायला लागली आणि गेल्या ऑगस्टमध्ये इथल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचे कामाचे कोर्स शिकवणारं स्थानिक कॉलेज) पाणी आणि सांडपाणी प्रक्रियेच्या कोर्सला नाव घातलं. मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी सहा ते नऊ. धागा काढलाय तो मात्र आमच्या मास्तरांसाठी.

मास्तर दिवसा शहराच्या सांडपाणी प्रकल्पावर ऑपरेटर आहेत. पहाटे पाचला ड्यूटी सुरू, दुपारी दीडला सुटी, संध्याकाळी वर्ग. पहिल्या दिवशी आले तेच दोन्ही हातांत एकेक झाकणाची बादली घेऊन. झाकण उघडलं तर आत तपकिरी, गढूळ पाणी. एरेशन टँकमधून, म्हणजे हवा सोडून जीवाणूंकडून सांडपाणी साफ करून घेतात त्या टाकीतून, तासाभरापूर्वी काढून आणलेलं. दोन रुंद तोंडाची, दोन-दोन लिटरची भांडी टेबलावर ठेवली, एकेका बादलीतलं एकेका भांड्यात ओतलं, हलक्या हाताने एकदा ढवळलं, घड्याळ लावलं आणि म्हणाले, आता अर्धा तास कोणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं.

पाचव्या मिनिटाला पहिल्या भांड्यातले कण एकमेकांना धरायला लागले, दूध नासताना दिसतात ना, अगदी तसे. दहाव्या मिनिटाला वर बोटभर नितळ पाणी. अर्ध्या तासाने गाळ तळच्या तिसऱ्या हिश्शात बसला होता आणि वरच्या पाण्यातून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. दुसऱ्या भांड्यातला गाळ मात्र निम्म्याच्याही वर फुगून राहिलेला. मग त्यांनी पहिल्या बादलीचा वास घ्यायला लावला. घाण वास येईल म्हणून मी श्वास रोखूनच वाकले. वास आला तो पहिल्या पावसानंतरच्या मातीचा. ‘जिवंत गाळाचा वास असाच असतो. मीटर बिघडतो, नाक बिघडत नाही,’ असं म्हणाले आणि मग कुठे फळ्याकडे वळले.

वर्गात आम्ही अठरा जण आहोत. एक वेल्डर, सैन्यातून परतलेले दोघे, मक्याची शेती विकलेले साठीचे काका, तीन मुलांची एकटी आई. या माणसाने एकालाही मागे पडू दिलेलं नाही. गणित अडलं की वर्ग संपल्यावर पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून शिकवतात.

साताऱ्याजवळच्या गावी असलेल्या आत्याला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘अगं, एम.एस्सी. करून शेवटी गटारातच जायचं होतं का?’ तिचं चुकलं असं मला वाटत नाही, आपल्याकडे या कामाकडे सगळे तसंच बघतात. पण तेव्हापासून डोक्यात एकच चालू आहे. हे शिक्षण उभं केलं कोणी? असे मास्तर कुठून येतात, का शिकवतात? तुमच्यापैकी कोणी अशांच्या हाताखाली शिकलंय का, किंवा स्वतः शिकवलंय का? सविस्तर लिहा, मला सगळं वाचायचंय.

---

नानबा

वाचनखूण साठवली. त्या दुसऱ्या भांड्याचं काय झालं ते सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

---

शरयू_काठ

नानबा, त्यात तंतुमय जीवाणू माजले होते. त्यांचे धागे गाळाच्या कणांतून बाहेर पसरतात, कण एकमेकांजवळ येऊ देत नाहीत, मग गाळ कापसासारखा फुगतो आणि बसत नाही. एका टाकीत हवा कमी पडत होती. मास्तरांनी मुद्दाम तो बिघडलेला नमुना आणला होता.

---

कोलोरॅडोकर

छान धागा. मी प्रदूषित जमीन आणि भूजलाच्या कामात सल्लागार इंजिनिअर आहे, वीस वर्षं झाली. आमचा सगळा डोलारा तंत्रज्ञाच्या हातावर उभा असतो. मी मॉडेल चालवतो, अहवालावर सही करतो, पण विहिरीतून पाणी काढतो तो दोन वर्षांचा डिप्लोमा केलेला माणूस. त्याचं चुकलं तर माझी सही फुकट.

एक प्रसंग सांगतो. नोकरीतलं पहिलं वर्ष, एका जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेवर निरीक्षण विहिरींचे नमुने घ्यायचे होते. बेंझिनसारख्या उडून जाणाऱ्या रसायनांसाठी ४० मिलिलिटरची छोटी काचेची बाटली असते. ती काठोकाठ भरायची, पाण्याचा फुगवटा तोंडाच्या वर आला पाहिजे, मग झाकण सरकवत लावायचं. मी सहा बाटल्या भरल्या, बर्फात ठेवल्या. आमच्या ज्येष्ठ तंत्रज्ञ बाई आल्या, एकेक बाटली उलटी केली, तळहातावर टकटक आपटली आणि उजेडात धरली. दोन बाटल्यांत बुडबुडा होता, मोहरीएवढा. प्रयोगशाळेने तो चालवूनही घेतला असता. त्यांनी दोन्ही ओतून टाकल्या आणि मला परत विहिरीवर पाठवलं. उन्ह उतरलं होतं, पुन्हा पंप लावायचा, पीएच आणि वाहकता स्थिर व्हायची वाट बघायची. मी कुरकुरलो. त्या म्हणाल्या, ‘बेंझिन त्या बुडबुड्यात जाऊन बसतं. अहवालात पाणी स्वच्छ दिसेल आणि शेजारच्या घरातली माणसं तेच पाणी पितील.’

हे त्यांना कोणी शिकवलं असं मी नंतर विचारलं. कम्युनिटी कॉलेजातल्या एका बाईंनी. त्या स्वतः आधी राज्याच्या प्रयोगशाळेत नमुने नाकारायच्या कामावर होत्या! नापास नमुने वर्षानुवर्षं बघितलेला माणूस शिकवायला असला की असे हात तयार होतात.

---

हिरवा_चाफा

मोहरीएवढा बुडबुडा! आमच्या आजीने लोणच्याच्या बरणीत एवढी हवा राहू दिली नसती. बाईंना आमचा नमस्कार कळवा.

---

पुणेरी_पंप

धागा चांगला आहे, पण थोडं विरोधात लिहितो. मी इथे न्यू जर्सीत सात वर्षं संध्याकाळचा विषय शिकवला, पाण्याचं रसायनशास्त्र. अर्धवेळ शिक्षकाला कोर्सप्रमाणे पैसे मिळतात, आरोग्य विमा नाही, पुढच्या सत्राची खात्री नाही. पट भरला नाही तर वर्ग सुरू व्हायच्या आठवडाभर आधी रद्द. मी तयारी करून बसलेलो असताना असा दोनदा रद्द झाला. आपण त्या मास्तरांच्या त्यागाच्या गोष्टी सांगतो तेव्हा कॉलेजांना फार सोयीचं जातं. पहाटे पाचला कामाला लागणाऱ्या माणसाने रात्री नऊपर्यंत वर्ग घ्यावा यात मोठेपणा त्याचा आहे, व्यवस्थेचा नाही. माझ्यापेक्षा चांगले दोन शिक्षक याच कारणाने सोडून गेले. त्यांची जागा भरली गेली नाही, कोर्सच बंद पडला.

---

शरयू_काठ

पुणेरी पंप, हे मला माहीत नव्हतं. आमच्या मास्तरांना मी कधी पैशाचं विचारलं नाही. लिहिलंत ते बरं केलंत.

---

जुनी_पानं

‘उभं केलं कोणी’ या प्रश्नाला थोडं उत्तर देतो. शरयूताई, तुमच्याच राज्यात याची मुळं आहेत.

कम्युनिटी कॉलेज हा प्रकार जुना. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ चं. पण पर्यावरण तंत्रज्ञ हा धंदा कायद्यांनी जन्माला घातला. १९७२ चा स्वच्छ पाणी कायदा, १९७४ चा पेयजल कायदा, १९७६ चा घातक कचऱ्याचा कायदा आणि लव्ह कॅनालच्या प्रकरणानंतर १९८० चा सुपरफंड, म्हणजे प्रदूषित जागा साफ करण्याचा कायदा. नायगारा फॉल्स गावात रसायनांच्या उकिरड्यावर वस्ती आणि शाळा उभी राहिली होती. लोइस गिब्स नावाच्या गृहिणीने घरोघरी फिरून आजारांची नोंद केली, लढा दिला. देशभर असे हजारो उकिरडे निघाले आणि मग प्रश्न आला की आत उतरून काम करणारी शिकलेली माणसं आहेत कुठे? विद्यापीठं इंजिनिअर काढत होती. ड्रम उघडणारा, नमुना घेणारा, पंप चालवणारा माणूस कोणीच तयार करत नव्हतं.

१९८७ मध्ये आयोवातल्या दोन कम्युनिटी कॉलेजांनी, सीडर रॅपिड्सचं कर्कवुड आणि ईस्टर्न आयोवा यांनी मिळून घातक पदार्थांच्या प्रशिक्षणाची एक संस्था काढली. १९९२ मध्ये काँग्रेसने तंत्रज्ञ शिक्षणाचा कायदा केला, त्यातून नॅशनल सायन्स फाउंडेशनचा दोन वर्षांच्या कॉलेजांसाठीचा कार्यक्रम निघाला. त्याच्या पहिल्या काही राष्ट्रीय केंद्रांपैकी एक, पर्यावरण तंत्रज्ञान शिक्षणाचं, १९९४ मध्ये आयोवातच सुरू झालं. या केंद्रांचं मोठं काम शिक्षकांना शिकवणं हे होतं. उन्हाळ्यात देशभरातले कॉलेज शिक्षक गोळा करायचे आणि त्यांना प्रत्यक्ष साइटवर न्यायचं.

आणि एक नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही: केनेथ केरी, सॅक्रमेंटोच्या स्टेट युनिव्हर्सिटीतले सिव्हिल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. ऑपरेटरला घरी बसून शिकता यावं म्हणून त्यांनी १९७० च्या सुमारास पुस्तकं तयार करायला घेतली. प्रकरणं लिहून घेतली ती प्रकल्प चालवणाऱ्या अनुभवी लोकांकडून, आणि छापण्याआधी ऑपरेटरांवरच तपासून पाहिली. भाषा सोपी, प्रत्येक गणित पायरीपायरीने सोडवलेलं. आज अमेरिकेत परवान्याच्या परीक्षेला बसणारा कोणीही ‘सॅक्रमेंटोची पुस्तकं’ म्हटलं की लगेच ओळखतो. शरयूताई, तुमच्या दप्तरात बघा, असतील.

---

शरयू_काठ

आहेत! दोन्ही खंड. मास्तरांची स्वतःची प्रत इतकी जुनी आहे की पाठीला पाइपला लावायची चिकटपट्टी लावलीय. ती त्यांनी परीक्षेला वापरलेली, मग त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी, आता वर्गात फिरते. समासात चार वेगवेगळी अक्षरं आहेत.

---

ऑन्टारिओची_सई

मी कॅनडातून. शिकवलं नाही की काय होतं याची गोष्ट आमच्या प्रांतात सगळ्यांना पाठ आहे. वॉकर्टन, मे २०००. पाचेक हजार वस्तीचं गाव. जोराचा पाऊस झाला, शेणखताचं पाणी उथळ विहिरीत उतरलं, क्लोरीन पुरेसं नव्हतं. इ. कोलाय जीवाणूने सात जण गेले, २,३०० हून अधिक आजारी पडले. काही मुलांची मूत्रपिंडं कायमची दुखावली.

पाणीपुरवठा दोघा भावांच्या हाती होता. दोघांकडे परवाना होता, पण परीक्षा न देता, जुन्या अनुभवावर मिळालेला. क्लोरीन न मोजताच वहीत आकडे लिहायची तिथली जुनी रीत होती. चौकशीत निघालं ते असं की त्यांना कोणाला मारायचं नव्हतं. ते स्वतः विहिरीचं कच्चं पाणी प्यायचे, क्लोरीनचं महत्त्वच त्यांना कळलेलं नव्हतं. ते समजावून सांगणारा माणूस त्यांना आयुष्यात भेटलाच नाही.

चौकशीनंतर २००४ मध्ये त्याच गावात ऑपरेटरांसाठी प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. मी तिथे तीन दिवसांचा वर्ग केलाय. शिकवणाऱ्या बाई बोलताना ‘त्या वेळी’ असा शब्द वापरायच्या आणि क्षणभर थांबायच्या. कोणी खुलासा विचारला नाही.

---

गोदातीर

सईताई, वहीत आकडे लिहायचं वाचून पोटात कालवलं. मी नाशिकला गृहसंकुलांच्या सांडपाणी प्रकल्पांची देखभाल बघतो. आपल्याकडचं खरं लिहितो.

प्रकल्प बिल्डर बांधतो, चालवायला ठेकेदार. ठेकेदार गावाकडचा दहावी झालेला पोरगा आणतो, बारा तासांची ड्यूटी, राहायला पंपरूमशेजारची खोली. त्याला शिकवतो कोण? आधीचा पोरगा, एका दिवसात. ‘हे बटण दाबायचं, हे नाही दाबायचं.’ एका संकुलात मी गेलो तर महिन्याची नोंदवही पुढच्या आठवड्यासकट भरलेली. मी त्या पोराला रागावलो. तो म्हणाला, ‘साहेब, मला सांगितलंय की वही रिकामी दिसता कामा नये. आकडा कशाचा आहे ते कुणी सांगितलंच नाही.’

त्याचं उत्तर ऐकून मी खाली बसलो. दुसऱ्या दिवशी एक लिटरचं मेजरिंग सिलिंडर घेऊन गेलो. शरयूताईंनी लिहिलंय तेच केलं, टाकीतलं पाणी भरलं आणि दोघं पायरीवर बसून अर्धा तास बघत राहिलो. तिसऱ्या दिवशी त्याचा स्वतःहून फोन आला, ‘साहेब, आज गाळ सातशेवर थांबलाय, काल चारशे होता, ब्लोअर बघू का?’ ब्लोअर म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र. ब्लोअरचा बेल्ट सैल झाला होता. आज तो पोरगा चार प्रकल्प सांभाळतो आणि नवीन येणाऱ्याला पहिल्या दिवशी पायरीवर बसवतो.

तर धाग्याच्या प्रश्नाला माझं उत्तर: असे मास्तर कुठून आणायची गरज नसते. काम येणाऱ्या माणसाला रोजचा अर्धा तास मोकळा दिला पाहिजे. आपल्याकडे तो अर्धा तासच कोणी देत नाही.

---

पुणेरी_पंप

गोदातीर, शेवटच्या वाक्यांशी शंभर टक्के सहमत. पण तुम्ही गेलात म्हणून तो पोरगा शिकला. जिथे तुम्ही नाही तिथलं काय? त्यासाठी संस्था लागते, पगार लागतो, परवान्याची सक्ती लागते. इथे परवाना नसलेला माणूस प्रकल्पाचा प्रमुख होऊच शकत नाही. सक्ती आहे म्हणून वर्ग चालतात, वर्ग आहेत म्हणून मास्तर आहेत.

---

गोदातीर

मान्य. नाशिकलाच जीवन प्राधिकरणाची ‘मित्रा’ ही प्रशिक्षण संस्था आहे, पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी. केंद्राच्या हरित कौशल्य विकास कार्यक्रमात २०१७ नंतर सांडपाणी प्रकल्प चालवण्याचे कोर्सही निघाले. कागदावर रस्ता आहे. पंपरूममधल्या पोरापर्यंत तो कसा पोचवायचा, यावर मी भांडतोय.

---

खोल_विहीर

उशिरा आलो, पण एका वाक्यावर थांबावंच लागलं. ‘नाक बिघडत नाही.’ शरयूताई, तुमच्या मास्तरांना मान देऊनच सांगतो: गाळाच्या बाबतीत खरं, बंद जागेत हे वाक्य माणूस मारतं.

मी टेक्सासमध्ये सुरक्षा प्रशिक्षक आहे. घातक कचऱ्यावर काम करणाऱ्यांचा चाळीस तासांचा वर्ग घेतो, त्यानंतर तीन दिवस साइटवर देखरेखीखाली काम, मग दर वर्षी आठ तासांची उजळणी. हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं माणसाला वाटतं आणि तो उतरतो. म्हणून मॅनहोलचं झाकण उघडलं की आधी चार वायूंचा मीटर दोरीला बांधून खाली सोडायचा, वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी थांबवून. नाक खिशात ठेवायचं.

आणि दुसरी गोष्ट, जी मी प्रत्येक वर्गात तीनदा सांगतो. आत पडलेल्या माणसाला काढायला दुसरा उतरतो, मग त्याला काढायला तिसरा. मराठी वर्तमानपत्रांत आपण ही बातमी किती वेळा वाचतो! भाऊ भावासाठी उतरतो, मालकाचा मुलगा कामगारासाठी उतरतो. २०१३ चा कायदा आहे, सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी आहे, तरी बातमी येतच राहते. वर उभ्या माणसाने उतरायचं नाही, तिकाटणी आणि दोरीने ओढायचं, हे अंगात मुरायला सराव लागतो. मी विद्यार्थ्यांना सत्तर किलोचा पुतळा पाइपातून ओढायला लावतो. पहिल्यांदा सगळेच पाइपात डोकं घालतात, आणि मी शिट्टी वाजवून सांगतो, ‘तुम्ही गेलात.’

मला हे शिकवलं एका निवृत्त अग्निशमन अधिकाऱ्याने. पर्यावरण खात्याच्या ब्राउनफिल्ड प्रशिक्षणात ते शिकवायचे. १९९८ पासून चाललेली योजना आहे: प्रदूषित जागांच्या आसपास राहणाऱ्या बेकारांना तीच जागा साफ करायचं काम शिकवायचं. पहिल्या दिवशी ते वर्गाला विचारायचे, तुमच्यापैकी कोणाच्या घराजवळ असा बंद कारखाना आहे? सगळे हात वर जायचे.

---

शरयू_काठ

खोल विहीर, तुमचा प्रतिसाद मी मास्तरांना भाषांतर करून वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग पुढच्या वर्गाला सुरुवातीलाच म्हणाले, ‘पहिल्या दिवशी मी नाकाबद्दल एक वाक्य बोललो होतो, ते अर्धंच होतं,’ आणि तुमचं सगळं सांगितलं, मीटर दोरीला बांधून दाखवला. ‘टेक्सासच्या एका मास्तरांनी दुरुस्ती पाठवलीय,’ असं म्हणाले.

---

खोल_विहीर

त्यांना माझा नमस्कार सांगा. चूक दुरुस्त करून दाखवणारा माणूसच या कामात शिकवायला हवा.

---

मांडवी

थोडं अवांतर. मी पणजीला प्रयोगशाळेत आहे, सूक्ष्मदर्शकाखाली सांडपाणी बघते. कोणी व्हॉर्टिसेला नावाचा एकपेशी जीव बघितलाय का? देठावर उभी घंटा, कडेला केसांची झालर, आणि धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो. ते दिसले की गाळाची तब्येत ठणठणीत. मी शिकाऊ मुलींना ‘आज घंटा किती?’ असंच विचारते. शास्त्रीय नाव नंतर शिकतात, आधी ओळख होते.

---

हिरवा_चाफा

देवळात घंटा, सांडपाण्यात घंटा. मांडवीताई, फोटो टाका!

---

जुनी_पानं

मांडवी, याच जिवंत गाळाची पद्धत मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये मांडली. सांडपाण्यात हवा सोडायची, पाणी नितळलं की वरचं काढून टाकायचं, पण तळचा गाळ फेकायचा नाही, पुढच्या पाण्याला तोच वापरायचा. आपल्याकडे विरजणासाठी कालचं दही ठेवतात तसं. शंभर वर्षांहून जास्त झाली, आजही जगभरातली शहरं त्याच्यावर चालतात.

---

कोलोरॅडोकर

विरजणाचं उदाहरण सोमवारी ऑफिसात वापरणार.

---

नवखा_२२

मी डिपेंडंट व्हिसावरच्या मित्रमैत्रिणींसाठी विचारतोय. या कोर्सनंतर नोकरी खरंच मिळते का? आणि आधीची मोठी पदवी आड येते का?

---

पुणेरी_पंप

आधी कामाचा परवाना बघा. एच-४, म्हणजे डिपेंडंट व्हिसावाल्यांपैकी ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेलीय त्यांना २०१५ पासून तो मागता येतो. सगळ्यांना नाही. नोकऱ्या बहुतेक पालिकेच्या किंवा पाणी मंडळांच्या, म्हणजे पेन्शनवाल्या. परवान्याच्या पायऱ्या असतात, खालच्या पायरीपासूनच सुरुवात करावी लागते, पीएच.डी. असली तरी. रात्रपाळी आणि बर्फातलं काम याची तयारी ठेवा. पदवी आड येत नाही, पण खालच्या पायरीवर उभं राहायची लाज वाटली तर ती येते. माझ्या वर्गात एक भारतातली डॉक्टर होती, पॅथॉलॉजीची. दोन वर्षांत पाणी मंडळाच्या प्रयोगशाळेत लागली, आज तीच माझ्या जुन्या कॉलेजात शिकवते.

---

ऑन्टारिओची_सई

म्हणजे पुणेरी पंप, तुमची जागा भरली गेली की!

---

पुणेरी_पंप

हो. कोर्स पुन्हा सुरू झाला, मागच्याच वर्षी. आजूबाजूच्या प्रकल्पांचे लोक म्हातारे झाले, माणसं मिळेनात, म्हणून प्रकल्पांनीच कॉलेजच्या मागे लागून सुरू करवला आणि तिला पूर्णवेळ घ्यायला लावलं. हे आधी लिहायला हवं होतं.

---

शरयू_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते, कारण काल त्याचं एक उत्तर मिळालं.

वर्ग सुटल्यावर मी मास्तरांना सरळ विचारलं, तुम्ही का शिकवता? ते भांडी धूत होते. म्हणाले, ‘मी लागलो तेव्हा एक म्हातारा ऑपरेटर होता. पंपावर हात ठेवून बेअरिंग जाणार की नाही सांगायचा. निवृत्त झाला, चार महिन्यांत वारला. त्याला मी कधी विचारलंच नाही की हाताला नेमकं काय जाणवतं. पुढे तीन पंप जाळले तेव्हा कळलं.’ एवढंच बोलले आणि मला टॉवेल दिला, भांडी पुसायला.

दुसरी बातमी आत्याची. या आठवड्यात आम्ही डायजेस्टर शिकलो, पहिल्या टाकीत बसलेला गाळ आणि एरेशन टँकमधला जास्तीचा गाळ बंद टाकीत कुजवतात तो. मी तिला फोनवर सांगत होते की आम्ल वाढलं की मिथेन करणारे जीवाणू मरगळतात, गॅस कमी होतो, मग काही दिवस नवीन गाळ घालणं थांबवायचं. ती मध्येच म्हणाली, ‘म्हणजे गोबरगॅस आंबला!’ तिच्या परसात तरंगत्या टाकीचा गोबरगॅस आहे, पंचवीस वर्षं तीच चालवते. टाकी किती वर आली यावरून गॅस ओळखते, स्लरी कशी पडते यावरून तब्येत. एकदा कोणीतरी खरकटं आणि ताकाचं पाणी ओतलं तेव्हा तिने आठवडाभर शेण बंद ठेवून तो सावरला होता. हे सगळं मला पहिल्यांदा कळलं. लहानपणापासून तिच्याकडे सुट्टीला जाते, शेणाची पाटी उचलणारी आत्या रोज बघितली, पण ती काय करते हे मी कधी विचारलं नव्हतं.

मास्तरांना सांगितलं तर त्यांनी खुर्ची ओढली आणि मला प्रश्नांची यादीच दिली: रोज शेण किती, पाणी किती, टाकी केवढी, थंडीत काय करता. आत्याने उत्तरं पाठवलीत. थंडीत ती शेण कोमट पाण्यात कालवते आणि टाकीभोवती उसाचं पाचट रचते. आता तिचा उलटा प्रश्न आलाय आणि तो मी इथेच टाकते, कारण मास्तरांचा वर्ग थेट मंगळवारी आहे आणि तिला धीर नाही. ती विचारते, ‘तुमच्याकडे तर बर्फ पडतं, मग एवढी मोठी टाकी गरम कशाने ठेवता?’

---

खोल_विहीर

आत्याबाईंना सांगा, त्याच गॅसवर. निघालेल्या गॅसवर बॉयलर चालतो, गरम पाणी नळ्यांतून फिरवून आतला गाळ ३५ अंशांच्या आसपास ठेवतात. टाकीला बाहेरून जाड अस्तर असतं, तुमचं पाचटच समजा. तापमान एकदम खाली-वर झालेलं त्या जीवाणूंना सोसत नाही, म्हणून कोमट पाणी एकदम न ओतता थोडं थोडं घालत जा.

---

शरयू_काठ

सांगितलं. ती म्हणते, ‘थोडं थोडंच घालते. आणि त्यांना म्हणावं, टाकीचा आतला भाग रंगवताना काय लावतात ते पण विचारा, माझी गंजलीय.’

---

गोदातीर

शरयूताई, टाकीचा व्यास आणि पत्रा किती जाड ते विचारून इथेच कळवा. पुढच्या महिन्यात साताऱ्याला काम आहे, रंग घेऊन मी स्वतः जाऊन येतो. त्या पोरालाही बरोबर आणतो, त्याला गोबरगॅस बघायचाय.